बी न फोडता तेलाची परीक्षा

तेलबियांचे खरे मोल त्यांच्या पोटातील तेलात असते, ही गोष्ट शेतकऱ्यास नव्याने सांगावयास नको. भुईमूग, करडई, सूर्यफूल, तीळ, जवस, सोयाबीन यांपैकी कोणतेही पीक घेतले तरी त्याच्या दाण्यात तेल किती, यावर घाणीवाल्याचा उतारा अवलंबून असतो. परंतु तेल डोळ्यांना दिसत नाही. दाणा टपोरा व चकचकीत असला म्हणजे त्यात तेल अधिक असेलच, असे नाही. करडईचा दाणा वरून भरदार दिसतो, पण त्याचे टरफल जाड असेल तर वजनाचा मोठा हिस्सा टरफलातच जातो आणि तेलाचे प्रमाण घटते. सबब तेलाची परीक्षा डोळ्यांनी होत नाही. ती प्रयोगशाळेतच करावी लागते.

ही परीक्षा करण्याची जुनी व विश्वासू रीत म्हणजे सॉक्सलेटची पद्धत. जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ साली या कामाचे उपकरण प्रसिद्ध केले. बी वाळवून, कुटून त्याची पूड करावयाची, तीवरून ईथर किंवा हेक्झेन यांसारखा द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून सर्व तेल बाहेर काढावयाचे, मग द्रावक उडवून उरलेले तेल तोलावयाचे, अशी ही रीत आहे. ती आजही प्रमाण मानली जाते. परंतु तिच्यात दोन अडचणी आहेत. एका नमुन्यास कित्येक तास लागतात, ही पहिली. दुसरी अधिक मोठी आहे. ज्या बियांची परीक्षा झाली, त्या कुटल्या गेल्या; त्या पुन्हा पेरता येत नाहीत.

पैदासकारापुढील पेच

ही दुसरी अडचण बाजारात फारशी जाणवत नाही. पण नवे वाण तयार करणाऱ्या पीक पैदासकारास ती पदोपदी नडते. संकरानंतरच्या पिढीत एकाच झाडाच्या बिया गुणांनी सारख्या नसतात. त्यांतील एखाद्याच बीत तेलाचा उत्तम वारसा उतरलेला असतो. ती बी कोणती, हे कळण्यासाठी ती फोडावी, तर पेरावयास काही उरत नाही; न फोडावी, तर ती उत्तम आहे हे कळत नाही.

अमेरिकेतील इलिनॉय येथे १८९६ साली मक्यातील तेल वाढविण्याचा एक प्रयोग सुरू झाला. आरंभी त्या मक्यात सुमारे ४.७ टक्के तेल होते. दरवर्षी कणसांतील काही दाणे तपासावयाचे आणि ज्या कणसांत तेल अधिक आढळेल त्यांचे उरलेले दाणे पेरावयाचे, असा क्रम ठेवला गेला. शंभर पिढ्यांच्या निवडीनंतर तेलाचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेले. यश मोठे होते, पण त्यासाठी शतक लागले. शिवाय या रीतीत परीक्षा एका दाण्याची होई आणि पेरला जाई त्याचा भाऊ. एकाच कणसावरचे दाणे निरनिराळ्या परागापासून झालेले असल्याने एकाचा गुण दुसऱ्यात असेलच, याची हमी नसे.

म्हणून जो दाणा तपासला तोच पेरता येईल, अशी रीत हवी होती. ती मिळाली भौतिकशास्त्राच्या एका शोधातून. त्या शोधाचे नाव अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन. नाव अवघड असले तरी त्यातील मुख्य कल्पना कोणासही उमजेल अशी आहे.

अणुकेंद्राचा भोवरा

तेल, पाणी, पिष्ट, प्रथिने व टरफलाचा काष्ठमय भाग या सर्वांत हायड्रोजनचे अणू असतात. हायड्रोजनचे अणुकेंद्र हे एका अतिसूक्ष्म लोहचुंबकासारखे असून ते भोवऱ्याप्रमाणे स्वतःभोवती फिरत असल्यासारखे वागते. मुले भोवरा फिरवितात तेव्हा तो कलला की त्याचे डोके सावकाश गोल घुमू लागते. मोठ्या चुंबकात ठेवलेले हायड्रोजनचे केंद्रही त्याचप्रमाणे चुंबकाच्या दिशेभोवती घुमते. बियांच्या परीक्षेसाठी वापरावयाच्या टेबलावरील यंत्रात बहुधा ०.४७ टेस्ला शक्तीचा चुंबक असतो. त्यात हे घुमणे सेकंदास सुमारे २ कोटी फेरे इतक्या वेगाने होते. हा वेग रेडिओलहरींच्या पट्ट्यातील आहे.

नमुन्याची नळी चुंबकात ठेवून तीवर याच वेगाच्या रेडिओलहरींचा एक अत्यंत अल्पकाळचा झटका दिला, की बियांतील सर्व भोवऱ्यांचा एकत्रित रोख उभ्याचा आडवा होतो आणि ते एका तालात घुमू लागतात. असंख्य सूक्ष्म चुंबक एकाच तालात फिरले म्हणजे नळीभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात विजेचा बारीकसा संकेत उमटतो. संकेत जितका मोठा, तितके हायड्रोजन अधिक. यंत्र मोजते ते हेच.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ‘अणुकेंद्रीय’ हा शब्द ऐकून कोणाच्या मनात अणुबाँबची किंवा घातक किरणांची शंका येईल. तसे येथे काही नाही. या रीतीत अणू फोडला जात नाही व किरणोत्सर्गी द्रव्यही लागत नाही. रुग्णालयात एमआरआय या नावाने जी तपासणी होते, तीही याच तत्त्वावर चालते. यंत्रातून निघालेले बी पूर्वीसारखेच सजीव असते आणि पेरल्यास उगवते.

ताल सुटण्याचा काल

आता मुख्य मुद्दा असा, की हा संकेत टिकत नाही. तो झपाट्याने क्षीण होतो. याचे कारण लेझमीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. शंभर मुलांचे लेझीम पथक पहिल्या ठोक्यास एका तालात नाचू लागते, तेव्हा शंभर लेझमींचा एकच खणखणाट दूरवर ऐकू जातो. थोड्या वेळाने कोणी किंचित पुढे जातो, कोणी मागे राहतो. मुले तितकीच असतात, नाचही चालू असतो, पण एकसुरी खणखणाट जाऊन नुसती कुजबुज उरते. अणुकेंद्रांचेही तसेच होते. त्यांचे घुमणे थांबत नाही. त्यांचा परस्परांशी असलेला ताल सुटतो.

हा आडवा संकेत आरंभाच्या सुमारे ३७ टक्के उरेपर्यंत जो वेळ लागतो, त्यास अनुप्रस्थ, म्हणजेच आडवा, शिथिलन काल म्हणतात. शास्त्रीय लिखाणात त्यास टी-दोन अशी संज्ञा आहे. भोवरे पुन्हा चुंबकाच्या रोखाने उभे होण्यास जो वेळ लागतो तो निराळा. त्यास टी-एक म्हणतात. बियांच्या परीक्षेत मुख्य काम टी-दोनचे आहे.

टी-दोन सर्व पदार्थांत सारखा नसतो, आणि सर्व खुबी येथेच आहे. घन पदार्थात प्रत्येक केंद्राचे शेजारी जागच्या जागी खिळलेले असतात. एकाचे शेजारी त्यास सतत पुढे ढकलतात, दुसऱ्याचे सतत मागे ओढतात. अशा स्थितीत ताल क्षणात बिघडतो. द्रव पदार्थात रेणू अखंड गिरक्या घेत हिंडत असतात. कोणी शेजारी पुढे ढकलतो तोच दुसरा येऊन मागे ओढतो. दोन्हींचा परिणाम एकमेकांत मुरून जातो आणि ताल दीर्घकाळ टिकतो. थोडक्यात, रेणू जितका मोकळा, तितका टी-दोन मोठा. रेणू जितका जखडलेला, तितका टी-दोन लहान.

बीच्या पोटातील तीन घटक या कसोटीवर सहज वेगळे पडतात. पिष्ट, प्रथिने व टरफल हे घन असल्याने त्यांचा टी-दोन अवघा १० ते २० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आसपास असतो. तेल हे बीच्या आतही द्रवच असते. त्याचा टी-दोन सेकंदाच्या दहाव्या भागाच्या घरात असतो. पाण्याची गोष्ट मात्र मोठी उद्बोधक आहे. भांड्यातील शुद्ध पाण्याचा टी-दोन दोन-तीन सेकंद, म्हणजे तेलाहून कितीतरी मोठा भरतो. परंतु वाळलेल्या बीमधील थोडेसे पाणी मोकळे नसते. ते पिष्ट व प्रथिनांच्या पृष्ठभागास घट्ट चिकटून बसलेले असते. म्हणून त्याचा टी-दोन सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी होतो. म्हणजे सुक्या बीत घनाचा ताल सर्वांत आधी सुटतो, त्यानंतर पाण्याचा आणि सर्वांत शेवटी तेलाचा.

प्रत्यक्ष मोजणी

हा क्रम कळल्यावर मोजणीची युक्ती आपोआप सुचते. झटका दिल्यापासून सुमारे ५० ते ७० मायक्रोसेकंदांनी पहिले मोजमाप घेतात. तोवर घनाचा संकेत जवळजवळ नाहीसा झालेला असतो. उरलेला संकेत तेल व पाणी या दोहोंचा असतो. दुसरे मोजमाप ७ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या सुमारे दीडशेव्या भागानंतर घेतात. तोवर बांधलेल्या पाण्याचाही संकेत विरलेला असतो, परंतु तेलाचा बहुतेक संकेत शिल्लक असतो. दुसरे मोजमाप तेलाचे. पहिल्यातून तेलाचा भाग वजा करता उरते ते पाण्याचे. एकाच नमुन्यातून, तो न फोडता, तेल व ओलावा या दोन्हींचे आकडे मिनिटाच्या आत हाती येतात.

यात एक अडचण होती. चुंबक कितीही चांगला असला तरी त्याची शक्ती नळीच्या सर्व भागांत काटेकोर सारखी नसते. त्यामुळे काही भोवरे जलद तर काही सावकाश घुमतात, आणि पदार्थाचा दोष नसताना चुंबकाच्या दोषाने ताल लवकर सुटतो. यावरचा उपाय एर्विन हान या शास्त्रज्ञाने १९५० साली शोधून काढला. मैदानात मुले धावत सुटली आहेत. काही पुढे गेली, काही मागे राहिली. तेवढ्यात शिटी वाजते आणि सर्वांस आहे तेथूनच मागे फिरून त्याच वेगाने धावण्याचा हुकूम होतो. पुढे गेलेल्यास अंतर अधिक, पण त्याचा वेगही अधिक. म्हणून सर्व मुले आरंभरेषेवर एकाच वेळी पोहोचतात. यंत्रात ३.५ मिलिसेकंदांनी दुसरा झटका देतात, तो ही शिटी होय. त्यामुळे ७ मिलिसेकंदांनी विखुरलेला ताल पुन्हा जुळून येतो व संकेत प्रतिध्वनीसारखा परत उमटतो. चुंबकाच्या दोषाने झालेली तूट याने भरून निघते; पदार्थाच्या अंगच्या शिथिलनाने झालेली तूट मात्र भरत नाही. म्हणूनच या प्रतिध्वनीवरून खरा टी-दोन कळतो.

प्रयोगशाळेतून शेताकडे

या शास्त्राचा पाया फेलिक्स ब्लॉक व एडवर्ड पर्सेल यांनी अमेरिकेत १९४५-४६ मध्ये स्वतंत्रपणे घातला. ब्लॉक यांनी १९४६ साली मांडलेल्या समीकरणांतच टी-एक व टी-दोन हे दोन काल प्रथम आले. या दोघांस १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शेतीकडे हा शोध लवकरच वळला. १९६३ साली कॉनवे व अर्ल यांनी बियांतील तेल या रीतीने मोजता येते, हे प्रसिद्ध केले. इलिनॉय विद्यापीठातील डी. ई. अलेक्झांडर यांनी मक्याचा एकेक दाणा तपासून तोच पेरण्यास आरंभ केला, आणि पैदासकाराचा जुना पेच सुटला.

त्या वेळच्या यंत्रात पाणी व तेल वेगळे करण्याची सोय नसल्याने बी आधी फार वाळवावे लागे. झटक्यांची पद्धत आल्यावर ती गरज कमी झाली. या कामात भारतीय शास्त्रज्ञही मागे राहिले नाहीत. नवी दिल्ली येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेतील तिवारी, गंभीर व राजन यांनी १९७४ साली, झटक्यांच्या पद्धतीने बी न फोडता जलद तेल मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे या पद्धतीस आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. हैदराबाद येथील भारतीय तेलबिया संशोधन संस्थेत वाणनिवडीच्या कामी अशा यंत्राचा उपयोग होतो.

पद्धतीच्या मर्यादा

कोणतेही साधन त्याच्या मर्यादा जाणून वापरावे, हेच शहाणपणाचे. पहिली मर्यादा ओलाव्याची. बीत पाणी वाढले की ते सर्व पृष्ठभागास चिकटून राहू शकत नाही. काही पाणी मोकळे होते, त्याचा टी-दोन वाढतो आणि ते तेलाच्या संकेतात मिसळू लागते. मग यंत्र पाण्यालाच तेल समजते. म्हणून ओलावा १० टक्क्यांपेक्षा अधिक असेल तर बी आधी वाळवून घ्यावे लागते.

दुसरी मर्यादा तेलाच्या जातीची. एरंडेल फार दाट असते. त्याचे रेणू सावकाश हलतात, म्हणून त्याचा टी-दोन इतर तेलांहून लहान असतो. भुईमुगावर बसविलेले माप एरंडीस लावल्यास आकडा चुकेल. प्रत्येक पिकासाठी तेलाचे प्रमाण ठाऊक असलेल्या नमुन्यांवरून यंत्राचे माप स्वतंत्रपणे बसवावे लागते. कोकमाच्या बियांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. कोकमाचे तेल साध्या हवेत घट्ट असते व सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. घट्ट तेल यंत्राच्या दृष्टीने घनच. त्याचा संकेत क्षणात विरतो आणि यंत्र त्यास मोजतच नाही. असा नमुना पुरेसा गरम करूनच तपासावा लागतो. उलट, याच गुणाचा उपयोग करून वनस्पती तुपात घट्ट भाग किती व पातळ किती, हे कारखान्यात मोजता येते.

ओलाव्याचा हिशेब

तेल व ओलावा हे दोन आकडे जोडीने का पाहावेत, हे एका साध्या हिशेबाने कळेल. समजा, एका शेतकऱ्याच्या सोयाबीनमध्ये १२ टक्के ओलावा व १८ टक्के तेल निघाले. दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये ८ टक्के ओलावा व १८.८ टक्के तेल निघाले. नुसत्या तेलाचे आकडे पाहिले तर दुसऱ्याचे वाण सरस वाटेल. परंतु पहिल्याच्या १०० किलो मालात सुका अंश ८८ किलो आहे. त्यात १८ किलो तेल, म्हणजे सुक्या अंशावर सुमारे साडेवीस टक्के. दुसऱ्याच्या १०० किलोत सुका अंश ९२ किलो, त्यात १८.८ किलो तेल, म्हणजे तेही सुमारे साडेवीस टक्केच. दोन्ही वाणे तेलाच्या बाबतीत समान ठरली. पहिल्याच्या मालात तेल कमी नव्हते. पाणी अधिक होते.

या हिशेबाकडे दुर्लक्ष झाल्यास चांगले वाण विनाकारण टाकून दिले जाण्याचा संभव असतो. सबब प्रयोगशाळेकडून आलेल्या अहवालात तेलाचा आकडा आहे त्या मालावर दिला आहे की सुक्या अंशावर, हे विस्तार कार्यकर्त्यांनी प्रथम पाहावे. दोन वाणांची तुलना नेहमी सुक्या अंशावरच करावी.

नमुना घेण्यातील दक्षता

हे यंत्र गावोगावी असणारे नव्हे. ते मुख्यत्वे संशोधन संस्था व मोठे उद्योग यांच्याकडे असते. गावातून जातो तो नमुना. यंत्रात एका वेळी थोडे ग्रॅम बी मावते, आणि त्या मूठभर बियांवरून साऱ्या ढिगाचा निवाडा होतो. शितावरून भाताची परीक्षा खरी ठरते, पण शिते भांड्याच्या तळाची, मधली व वरची अशी सर्व घेतली तरच. म्हणून नमुना घेताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. एकाच पोत्यातून किंवा ढिगाच्या फक्त वरच्या थरातून बी घेऊ नये. निरनिराळ्या पोत्यांतून, प्रत्येकाच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागांतून थोडे थोडे बी काढावे.

२. हे सर्व बी स्वच्छ कापडावर एकत्र करून चांगले कालवावे. त्याचे सारखे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत व दोन काढून टाकावेत. नमुना हवा तेवढा होईपर्यंत हाच क्रम पुन्हा करावा.

३. वाणाची परीक्षा करावयाची असेल तर माती, खडे, काडीकचरा व फुटके दाणे पाखडून, चाळून काढावेत. मातीतील लोहाचे कण चुंबकाच्या कामात व्यत्यय आणतात. मात्र निवडून निवडून टपोरे दाणेच पाठवू नयेत. त्याने शेतकऱ्याची स्वतःचीच फसवणूक होते.

४. नमुना लगेच हवाबंद डब्यात किंवा जाड पिशवीत घालून तोंड पक्के बांधावे. उघडा नमुना पावसाळी हवेत ओलावा धरतो व उन्हात सोडतो; मग अहवालातील ओलाव्याचा आकडा शेतकऱ्याच्या मालाचा राहत नाही.

५. चिठ्ठीवर वाणाचे नाव, गाव, जिरायत की बागायत, पेरणीची व काढणीची तारीख स्पष्ट लिहावी. एक चिठ्ठी आत व एक बाहेर ठेवावी.

६. नमुन्यातील बी परत पेरावयाचे असल्यास तसे आधीच कळवावे, म्हणजे ते प्रयोगशाळेत अति तापविले जाणार नाही. यंत्राने बीस अपाय होत नाही. वाजवीपेक्षा अधिक उष्णतेने मात्र उगवणशक्ती जाते.

बीच्या पोटातील तेल आपला ताल सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टिकवून धरते. तेवढ्या अल्प अवधीत जाणता शास्त्रज्ञ त्याचे माप घेतो आणि तीच बी पुन्हा मातीत टाकून तिच्यापासून नवे वाण उभे करतो. परंतु त्या यंत्रात चुकीचा नमुना गेला तर उत्तरही चुकीचेच येणार. नमुना खरा घेणे, हे शेतकऱ्याच्या व कार्यकर्त्याच्या हातचे काम आहे; आणि अधिक तेलाच्या वाणाची पहिली पायरी तेथेच पडते.